ळ

जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत
सहा हजार तीनशे अठरा मुलं न्यायची होती,
शुक्रवारी रात्री बाराच्या आत.
नेरूळचं कॉलेज, तिसरा मजला, प्रवेश विभाग.
एसी बंद, कारण साहेब घरी गेले
की एसीही घरी जातो.
मी, कंत्राटी, अकरा महिन्यांची,
आणि महापेहून कंपनीनं पाठवलेला जोबिन.

पहिल्या फेरीत वाटलं, पोचली सगळी.
पण ळ नव्हता पोचला.
जुन्या फाँटमधला ळ
नव्याच्या ओळखीचा नाही.
जिथे जिथे ळ, तिथे प्रश्नचिन्ह.
नेरू?. त?ोजा. क?ंबोली.
अर्धी नवी मुंबई
स्वतःलाच काहीतरी विचारत बसलेली.

आणि ओळ क्रमांक दोन हजार चाळीस,
करावे गावची प्रांजळ बाळाराम कोळी:
प्रांज? बा?ाराम को?ी.
नाव, बाप, आडनाव,
तिघांवरही शंका.

जोबिननं मुख्यालयाला कळवलं.
सात मिनिटांत उत्तर, हसऱ्या तोंडासकट:
ळ च्या जागी ल टाकला तर चालेल का?

मी म्हटलं, लिही त्यांना,
वेळेचा वेल होतो.
मुळाचं मूल होतं, ते एकवेळ चालेल,
पण काळाचा काल होतो, आणि
ज्या गाळात कंबरभर उभं राहून
प्रांजळच्या घरच्यांनी निवट्या धरल्या असतील,
त्या गाळाचा गाल होतो.
हे नको लिहूस. नुसतं नाही म्हण.

जोबिन हसला नाही.
तुटक मराठीत म्हणाला, आमच्यात पण आहे हा.
केरळमध्येच बघ ना, शेवटी बसलाय.
माझी आई ताईला हाक मारते, मोळे,
ती कशी मारणार ल नं?

मग त्यानं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला,
आणि जे प्रोग्रॅमला जमलं नाही ते
मी हातानं केलं.
नऊशे त्रेचाळीस प्रश्नचिन्हं.
त्यातली दोन खरी निघाली:
जात या रकान्यात कुणी दोघांनी
स्वतःच टाकलेली.
ती तशीच ठेवली.

साडेअकराला मोजलं.
सहा हजार तीनशे सतरा.
पुन्हा मोजलं.
यंत्र म्हणालं, एक ओळ मोडली, नाकारली.
कारण विचारलं तर म्हणे, रकाने जास्त.

सम्यक धिवार, विज्ञान, शहाऐंशी टक्के.
पत्ता:
दगडखाणीच्या वर, पाण्याच्या टाकीमागं, दुसऱ्या नळाजवळ, शोभा किराणात विचारा, तुर्भे.

स्वल्पविराम दिसला की यंत्र रकाना बदलतं.
म्हणून त्याची टाकी आईच्या नावात गेलेली,
नळ जन्मतारखेत,
शोभा किराणा टक्क्यांच्या जागी,
आणि टक्के, जे त्यानं मिळवले होते,
ते तक्त्याच्या बाहेर, उघड्यावर.

सेक्टरमधल्या मुलांचं असं होत नाही.
सेक्टर वीस प्लॉट चार,
एका दमात सांगून मोकळं.
ज्याच्या दारावर नंबर नाही
त्याला वळणावळणावर थांबून सांगावं लागतं,
टाकी दिसली का, हं, आता तिथून मागं.

जोबिन म्हणाला, काढून टाकू स्वल्पविराम?
बाराला अकरा मिनिटं होती.
नको म्हटलं.
एवढा चढ चढताना
श्वास घ्यायच्या जागा आहेत त्या.

पत्त्याच्या दोन्ही टोकांना अवतरणचिन्हं दिली.
तेवढ्यानं भागतं.
यंत्राला कळतं,
इथून इथपर्यंत कुणीतरी बोलतंय,
मध्ये तोडायचं नाही.